हॉलवर तुळस नसते

काकू, आधी एक सांगते,
पोट आत ओढून उभ्या राहू नका.
श्वास धरलेला माणूस फोटोत
उसने पैसे मागायला आल्यासारखा दिसतो.

काका, खिशातला मोबाइल काढा.
आत्ता नाही हो, त्या दिवशी.
मोबाइल, त्यामागे चष्म्याचं घर,
त्यामागे केटररची पावती:
दोनशे फोटोंत तुमच्या छातीवर
एक कपाट अर्धवट उघडं राहील.
किल्ल्या भाच्याकडे द्या.
हिशेब एक दिवस चुकला तर चुकू दे.

शालू मोरपंखी घेतलात, सुरेख आहे.
विहीणबाईंचाही मोरपंखीच आहे.
एकदा सहज फोन करा,
मी सांगितलं म्हणू नका.

ग्रुप फोटोची यादी मला नको.
मला नावं कळत नाहीत, तोंडं कळतात.
घंटाळीच्या मावशी आणि कोपरीच्या आत्या
एका रांगेत उभ्या राहतात का,
हे ज्याला ठाऊक आहे असा एक माणूस
माझ्याशेजारी द्या. खड्या आवाजाचा.
आणि जेवलेला.

वऱ्हाडाची बस घोडबंदर रोडला अडकेल,
मुहूर्त अडकणार नाही.
गुरुजी घाई करतील, अन्वय घामाघूम होईल,
ते माझं मी बघेन.
ऋजुता रडेल का, माहीत नाही.
रडा, असं मी कुणाला सांगत नाही.
एका व्हिडिओवाल्यानं एकदा लेकीला
बापाच्या गळ्यात तीनदा पडायला लावलं.
तिसऱ्यांदा दोघांना हसू फुटलं.
तोच फोटो आज त्यांच्या भिंतीवर आहे.

आता काकू, तुमचं.

मंगलाष्टकं सुरू झाली की तुम्हाला उठवतील.
मुलीच्या आईनं ती ऐकायची नसतात,
तुळशीला पाणी घालायचं असतं.
का, ते मला विचारू नका.
मी एका गुरुजींना विचारलं होतं,
ते म्हणाले, पद्धत आहे, आणि घड्याळ बघितलं.

पंधरा वर्षं त्या घटकेला
माझे दोन्ही कॅमेरे अंतरपाटाकडे.
अल्बमच्या ऐन मधल्या पानावर
सगळं गणगोत अक्षता टाकतंय
आणि आई नाही.
कुणी विचारलं नाही, मीही नाही.

मागच्या मार्गशीर्षात, पाचपाखाडीत,
शेवटच्या अष्टकाला माझी बॅटरी संपली.
मागच्या जिन्यानं धावले सामानाकडे,
तर जनरेटरच्या पलीकडे
खरकट्या पातेल्यांच्या रांगेत
नवरीची आई, एकटी, हातात तांब्या.
समोर हॉलवाल्यांची प्लास्टिकची तुळस.
पाणी आत मुरत नव्हतं,
घरंगळून तिच्या पायांशी येत होतं,
आणि निऱ्या एका हातानं उचलून धरत
ती स्वतःच मंगलाष्टक म्हणत होती,
बारीक आवाजात, अडखळत,
आतल्यांपेक्षा एक ओळ मागे.
आतून ‘सावधान’ आलं, वाजंत्री उठली.
तिचं अजून यायचं होतं.

कॅमेरा बंद होता.
तरी मी तो डोळ्याला लावला.

म्हणून हल्ली एक मुलगी जादा आणते.
तिचे पैसे बिलात नाहीत, काळजी नको.
ती मागे उभी राहील, बोलणार नाही.
तुम्हीही तिच्याकडे बघू नका,
तुमचं जे काय असेल ते चालू दे.
तांब्या डाव्या हातात असला तरी चालेल.

काका, तेवढं लिहून घ्या:
घरची कुंडी, मातीची, आदल्या रात्रीच गाडीत.
आणि नाव लिहा पुढे,
कोण आणणार ते.
‘बघू’ असं लिहू नका.